मतपत्रिकेवर नसलेलं नाव

२४ ऑगस्ट २०१८, शुक्रवार. मेलबर्नमधल्या आमच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी संपली तरी कुणी जागेवर जाईना. सगळे टीव्हीसमोर उभे. कॅनबेरात एका बंद खोलीत पंच्याऐंशी माणसं देशाचा पंतप्रधान ठरवत होती आणि बाहेर कॅमेरे ताटकळले होते. निकाल आला. माल्कम टर्नबुल गेले, स्कॉट मॉरिसन आले. संध्याकाळी नाशिकहून काकांचा फोन.

"काय रे, तुमच्याकडे पंतप्रधान बदलला म्हणे. निवडणूक कधी झाली?"

"निवडणूक नाही झाली, काका. पक्षाच्या खासदारांनी बदलला."

"आणि लोकांना कुणी विचारलं?"

मी उत्तर द्यायला लागलो आणि दोन वाक्यांतच अडखळलो. कायद्याने झालं ते बरोबर होतं. तरी काकांचा प्रश्नही बरोबर होता. २०१० ते २०१८ या आठ वर्षांत ऑस्ट्रेलियात चार पंतप्रधान त्यांच्याच पक्षाने घालवले: केव्हिन रड, जूलिया गिलार्ड, टोनी ॲबट आणि टर्नबुल. विरोधकांनी नाही, मतदारांनीही नाही. इथले लोक या विषयावर अजून तावातावाने भांडतात, आणि त्या भांडणात वर्तमानपत्रं आणि टीव्हीवाल्यांचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. का, ते मुळापासून बघू.

पंतप्रधान निवडतं कोण?

ऑस्ट्रेलियाची राज्यघटना १९०१ पासून लागू आहे. तिच्यात 'पंतप्रधान' हा शब्दच नाही. ज्या पक्षाकडे किंवा आघाडीकडे प्रतिनिधिगृहात, म्हणजे इथल्या लोकसभेत, बहुमत, त्याचा नेता पंतप्रधान, ही ब्रिटनकडून आलेली रीत आहे. ती पाळली जाते, पण घटनेत लिहिलेली नाही.

आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायटीचं उदाहरण घ्या. सभासद मत देतात ते समितीच्या सदस्यांना. अध्यक्ष कोण, हे निवडून आलेली समिती आपापसांत ठरवते. उद्या समितीतल्या बहुतेकांना वाटलं की अध्यक्ष बदलावा, तर त्या बैठकीत बदलू शकतात. सगळ्या सभासदांना पुन्हा मतदानाला बोलवावं लागत नाही. ऑस्ट्रेलियात सभासदांच्या जागी मतदार, समितीच्या जागी सत्ताधारी पक्षाचे खासदार आणि अध्यक्षाच्या जागी पंतप्रधान.

३ मे २०२५ च्या शनिवारी मी मत द्यायला गेलो. इथे मतदान शनिवारी असतं आणि ते सक्तीचं आहे, १९२४ पासून. पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभं राहून हिरवी मतपत्रिका उघडली. प्रतिनिधिगृहासाठी हिरवी आणि सिनेटसाठी पांढरी, लांबलचक. हिरवीवर उमेदवारांची नावं आणि प्रत्येक नावाशेजारी एक चौकोन; पसंतीप्रमाणे १, २, ३ असे आकडे सगळ्या चौकोनांत घालायचे. पंतप्रधान अँथनी अल्बनीझी यांचं नाव त्यात नव्हतं, तेव्हाचे विरोधी पक्षनेते पीटर डटन यांचंही नव्हतं. असणार कसं? एक सिडनीतल्या ग्रेंडलर मतदारसंघातून उभे, दुसरे ब्रिस्बेनच्या बाजूच्या डिक्सनमधून. आणि तरी त्याआधीचे पाच आठवडे टीव्हीवर, फोनवर, रस्त्याकडेच्या फलकांवर मला हीच दोन तोंडं दिसत होती. वादविवाद झाला तो याच दोघांचा. शाळेच्या फाटकाशी कार्यकर्त्यांनी हातात कोंबलेल्या पत्रकांवरही नेत्याचा फोटो होता.

प्रचार नेत्याच्या नावावर चालतो आणि मतपत्रिकेवर मात्र स्थानिक उमेदवार असतो. सगळं भांडण या फटीत आहे. पत्रकारितेचा एक मोठा धंदाही याच फटीत उभा आहे.

'स्पिल' म्हणजे काय?

नेतृत्व बदलायच्या मतदानाला इथे 'स्पिल' म्हणतात. शब्दाचा साधा अर्थ सांडणं. भांडं उपडं करायचं, नेत्याचं पद रिकामं झालं असं जाहीर करायचं आणि मग त्या पदासाठी नव्याने मत घ्यायचं. म्हणजे प्रश्न दोन असतात. पद रिकामं करायचं का? केलं, तर बसवायचं कोणाला? मतदान गुप्त. इथले दोन मोठे पक्ष म्हणजे डावीकडचा लेबर (रड, गिलार्ड) आणि उजवीकडचा लिबरल (ॲबट, टर्नबुल, मॉरिसन). लेबर पक्षाच्या खासदारांच्या बैठकीला 'कॉकस' म्हणतात आणि लिबरल पक्षाच्या बैठकीला 'पार्टी रूम'.

२०१८ चा तो आठवडा नीट पाहिला की सगळी यंत्रणा कळते. मंगळवारी, २१ ऑगस्टला, टर्नबुल यांनी स्वतःच पद रिकामं केलं. विरोधकाला तयारीला वेळ मिळू नये, हा त्यातला डाव. त्यांच्याच मंत्रिमंडळातले डटन विरोधात उभे राहिले. टर्नबुल ४८, डटन ३५. पंतप्रधान जिंकले खरे, पण आपल्याच घरातली पस्तीस माणसं आपल्याला नको म्हणतात, हे सगळ्या देशाला कळलं. असं जिंकणं हरण्याच्या वाटेवरचं पहिलं पाऊल असतं, हे इथला प्रत्येक बातमीदार जाणतो.

बुधवारी टर्नबुल यांच्या शेजारी अर्थमंत्री मॉरिसन पत्रकारांसमोर उभे होते. तुम्हाला नेतृत्वाची महत्त्वाकांक्षा आहे का, असं विचारल्यावर त्यांनी टर्नबुल यांच्या खांद्याभोवती हात टाकला आणि म्हणाले, "हे माझे नेते आहेत आणि माझी महत्त्वाकांक्षा यांच्यासाठी आहे." गुरुवारी सरकारने प्रतिनिधिगृहाचं कामच तहकूब केलं. टर्नबुल यांनी अट घातली: ४३ खासदारांच्या सह्या आणा, मग बैठक बोलावतो. लिबरल खासदार ८५, म्हणून निम्म्याहून एक जास्त. त्या दिवशी कॅनबेरात देशाचं कोणतंही काम चाललं नव्हतं, नुसत्या सह्या मोजल्या जात होत्या.

शुक्रवारी सह्या भरल्या. पद रिकामं करायचा ठराव ४५ विरुद्ध ४० असा पास झाला. टर्नबुल उभे राहिले नाहीत. पहिल्या फेरीत डटन ३८, मॉरिसन ३६, जूली बिशप ११. दुसऱ्या फेरीत मॉरिसन ४५, डटन ४०. बिशप परराष्ट्रमंत्री होत्या आणि जनमत चाचण्यांमध्ये लोकांच्या चांगल्या पसंतीच्या होत्या, पण खोलीत त्यांना अकरा मतं मिळाली. बाहेरचं गणित आणि आतलं गणित किती वेगळं असतं, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

याची किंमतही लगेच मोजावी लागली. टर्नबुल यांनी खासदारकी सोडली, त्यांच्या वेंटवर्थ मतदारसंघात ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली, ती जागा एका अपक्ष डॉक्टर बाईंनी जिंकली आणि सरकारचं बहुमत गेलं.

खासदारांना एवढी घाई का असते?

पहिलं कारण म्हणजे इथल्या संसदेची मुदत. ती फक्त तीन वर्षांची असते. पहिल्या वर्षी घडी बसते, तिसऱ्या वर्षी निवडणुकीचे वेध लागतात. धीर धरायला मधलं जेमतेम एक वर्ष.

दुसरं कारण भीती. खासदार नेत्याकडे बघतो तेव्हा त्याला स्वतःची जागा दिसत असते. थोड्या फरकाने निवडून आलेल्या माणसाला दर दोन-तीन आठवड्यांनी वर्तमानपत्रात छापून आलेलं वाचायला मिळतं की आज निवडणूक झाली तर तू पडशील. ही जनमत चाचणी. त्यातली सगळ्यात गाजलेली 'न्यूजपोल', जी 'द ऑस्ट्रेलियन' या दैनिकात येते. सप्टेंबर २०१५ मध्ये टर्नबुल यांनी ॲबट यांना आव्हान दिलं, तेव्हा एक कारण जाहीरपणे सांगितलं: आपण लागोपाठ तीस न्यूजपोल हरलो आहोत. ५४ विरुद्ध ४४ मतांनी ते पंतप्रधान झाले. आणि एप्रिल २०१८ मध्ये त्यांच्या स्वतःच्या सरकारने लागोपाठ तिसावी न्यूजपोल हरली. मग बातम्या दुसऱ्या कशाच्या असणार? त्यांनीच दिलेली पट्टी त्यांनाच लावली गेली.

इथे पुन्हा सोसायटीकडे वळू. इमारतीच्या जुन्या पाण्याच्या लाइनी बदलायचं काम निघालंय. चार महिने जिने खणलेले, पाणी तासभरच, सगळे वैतागलेले. अशा वेळी दर पंधरा दिवसांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी विचारलं, "अध्यक्ष कसे वाटतात?" तर काय उत्तरं येतील? आणि ती वाचून समितीने अध्यक्ष बदलला, तर लाइनींचं काम कुठे अडकेल? अवघड निर्णयांचा त्रास आधी होतो, फायदा नंतर दिसतो. चाचणी मोजते ती आजच्या त्रासाला.

शिवाय चाचणीचा आकडा वाटतो तेवढा पक्का नसतो. साधारण दीड हजार माणसांना विचारलं तर उत्तर दोन्ही बाजूंना सुमारे अडीच टक्के हलू शकतं. म्हणजे मागच्या वेळी ४९ होते आणि आता ५१ झाले, यात बहुतेकदा बातमी नसतेच. पण मथळा असतो. २०१९ च्या निवडणुकीआधीच्या शेवटच्या न्यूजपोलने लेबर पक्षाला अंतिम पसंतीत, म्हणजे सगळ्या पसंत्या दोन मोठ्या बाजूंत वाटल्यावर, ५१.५ टक्के दिले होते. प्रत्यक्षात जवळपास तेवढेच टक्के दुसऱ्या बाजूला गेले आणि मॉरिसन जिंकले. जवळजवळ तीन वर्षं खासदार, पत्रकार आणि मतदार ज्या आकड्यांवर भांडत होते, ते शेवटी असे निघाले.

बातमीदार फक्त बघत असतो का?

इथे साठेक वर्षं मागे जाऊ; एक फोटो पुरेसा आहे. मार्च १९६३. कॅनबेरातल्या किंग्स्टन हॉटेलबाहेर, रात्री दिव्याच्या खांबाखाली लेबर पक्षाचे नेते आर्थर कॉलवेल आणि उपनेते गॉफ व्हिटलम उभे आहेत. आत पक्षाची परिषद चालू आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात अमेरिकी नौदलाचं दळणवळण केंद्र होऊ द्यायचं का, हा मुद्दा. मत देणारे प्रतिनिधी छत्तीस, आणि त्यांत या दोघांचा समावेश नाही. पंतप्रधान व्हायला निघालेला माणूस आपल्या पक्षाचं धोरण काय ठरलं हे ऐकायला फुटपाथवर थांबलाय. ॲलन रीड नावाच्या मुरलेल्या पत्रकाराने ते हेरलं, फोटो काढवून घेतला आणि तो 'डेली टेलिग्राफ'ने छापला. पंतप्रधान रॉबर्ट मेंझिस यांनी त्या छत्तीस जणांना 'बिनचेहऱ्याची माणसं' म्हटलं आणि त्याच वर्षीची निवडणूक जिंकली. त्या छत्तीसांत एक बाईही होत्या, पण शब्द चिकटला तो चिकटलाच. २०१० मध्ये रड यांना घालवणाऱ्या गटनेत्यांनाही लोकांनी हेच नाव दिलं.

फोटो खोटा नव्हता. लोकांना कळायलाच हवी होती अशी गोष्ट त्याने दाखवली. पण त्याने राजकारणाची दिशाही बदलली. कॅनबेराच्या बातमीदारांचं काम तेव्हापासून या दोन टोकांच्या मध्ये चालतं.

स्पिलची बातमी कशी तयार होते बघा. एक खासदार बातमीदाराला फोन करतो. नाव छापायचं नाही, या बोलीवर सांगतो की पंधरा-वीस जण नाराज आहेत. सकाळी बातमी येते, 'नेतृत्वाबद्दल अस्वस्थता'. ती वाचून आणखी दोघे अस्वस्थ होतात. दुपारी मंत्र्यांना विचारलं जातं, "नेत्याला तुमचा पाठिंबा आहे का?" कुणी 'हो' म्हणायला क्षणभर थांबला की ती दुसरी बातमी. आठवड्याच्या शेवटी चाचणी येते आणि आकडा घसरलेला असतो, कारण लोकांनी आठवडाभर भांडणच पाहिलेलं असतं. थर्मामीटर ताप मोजायला लावला होता; आता ताप त्यानेही वाढतोय.

बातमीदारांचं म्हणणं असं की आम्ही काही बनवत नाही, खासदार येऊन सांगतात. ते खरं आहे. २३ जून २०१० च्या रात्री सरकारी पैशावर चालणाऱ्या पण स्वायत्त अशा एबीसीच्या बातम्यांनी रड यांच्याविरुद्धची हालचाल फोडली आणि दुसऱ्या सकाळी गिलार्ड बिनविरोध नेत्या झाल्या. बातमी शंभर टक्के खरी होती. उलट, ती आदल्या आठवड्यात लोकांना कळली असती तर बरं झालं असतं, असं म्हणणारेही भेटतात.

माझी तक्रार खोटेपणाची नाही. या बातम्या सगळी जागा खातात, ही माझी तक्रार आहे, आणि तिच्यामागे एक तारीख आहे: २१ मार्च २०१३.

त्या सकाळी संसद भवनाच्या भव्य दालनात शेकडो माणसं जमली होती. बरीचशी म्हाताऱ्या बायका, आणि पन्नाशी गाठलेली त्यांची मुलं. गेल्या शतकात ऑस्ट्रेलियात लग्नाआधी आई झालेल्या हजारो मुलींची बाळं जन्मताच काढून घेऊन दुसऱ्यांना दत्तक दिली गेली होती. दबावाने, फसवून, कधी शुद्धीवर नसताना सह्या घेऊन. अनेकींना बाळाचं तोंडही बघू दिलं नव्हतं. त्या सकाळी पंतप्रधान गिलार्ड यांनी देशाच्या वतीने त्यांची माफी मागितली. त्या बायकांनी या दिवसाची वाट चाळीस-पन्नास वर्षं पाहिली होती. काही तासांत मंत्री सायमन क्रीन यांनी नेतृत्वासाठी मतदान घ्या अशी जाहीर मागणी केली. दुपारी बैठक लागली. रड उभेच राहिले नाहीत आणि गिलार्ड बिनविरोध राहिल्या. काहीच बदललं नाही. पण त्या रात्रीच्या बातम्यांत, दुसऱ्या दिवशीच्या पानांवर, सगळीकडे स्पिल. माफी कोपऱ्यात गेली.

दोष एकट्या पत्रकारांचा नाही; दिवस राजकारण्यांनी निवडला. पण काय मोठं आणि काय लहान, हे ठरवणं संपादकाच्या हातात असतं, आणि त्या दिवशी ते चुकीचं ठरलं, असं मला आजही वाटतं.

मग हे सगळं मर्डॉक यांचं काम आहे का?

इथल्या कुठल्याही राजकीय गप्पांत दहाव्या मिनिटाला हे नाव येतं. रूपर्ट मर्डॉक मेलबर्नचे. वडील वारल्यावर ॲडलेडच्या एका वर्तमानपत्रापासून त्यांनी सुरुवात केली. त्यांच्या कुटुंबाच्या ताब्यातल्या न्यूज कॉर्पकडे आज 'द ऑस्ट्रेलियन', सिडनीचं 'डेली टेलिग्राफ', मेलबर्नचं 'हेरल्ड सन' आहे. ब्रिस्बेन, ॲडलेड, होबार्ट आणि डार्विन या शहरांत तर मुख्य स्थानिक दैनिक एकच आणि ते याच कंपनीचं. वर स्काय न्यूज वाहिनी. चाचणी, तिच्यावरचा मथळा आणि रात्रीची चर्चा एकाच घरातून निघू शकते.

ऑगस्ट २०१३ मध्ये निवडणूक जाहीर झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी 'डेली टेलिग्राफ'ने पहिल्या पानावर, तेव्हा परत पंतप्रधान झालेल्या रड यांचा फोटो छापून ही टोळी हाकलून द्या अशा अर्थाचा मथळा दिला. संपादकीय मत आतल्या पानावर देणं वेगळं आणि पहिलं पानच प्रचाराचं पत्रक करणं वेगळं. २०२० मध्ये रड यांनी या कंपनीच्या वर्चस्वाची चौकशी करा अशी याचिका संसदेपुढे आणली. पाच लाखांहून अधिक लोकांनी तिच्यावर सह्या केल्या, आणि त्यांत एक सही टर्नबुल यांची होती. एकमेकांचे राजकीय विरोधक, पण दोघेही पक्षाने घालवलेले पंतप्रधान.

दुसरी बाजूही ऐकायला हवी. २००७ मध्ये रड यांना 'द ऑस्ट्रेलियन'नेच पाठिंबा दिला होता. १९७२ मध्ये मर्डॉक यांची पत्रं व्हिटलम यांच्या बाजूने होती. १९७५ मध्ये ती इतकी उलटली की त्यांच्याच पत्रकारांनी संप केला. आणि मतदार ऐकतातच असं नाही. या पत्रांची कडवी टीका झेलून लेबर पक्ष २०२२ मध्ये जिंकला आणि २०२५ मध्ये ९४ जागा घेऊन जिंकला. उजव्या बाजूच्या मतदारांची याच्या बरोबर उलट तक्रार असते: एबीसी डावीकडे झुकलेली आहे आणि ती आमच्या करातून चालते.

मला विचाराल तर मर्डॉक पंतप्रधान पाडतात, हे म्हणणं खासदारांना फार सोपं सोडून देतं. मत खोलीतल्या माणसाने दिलेलं असतं. पण एका कंपनीच्या हातात इतकी पत्रं असली की त्या घाबरलेल्या माणसाच्या कानाशी एकच आवाज जास्त वेळ राहतो, आणि हे लोकशाहीला बरं नाही. यावर माझं मत बदललेलं नाही.

"आम्ही त्यालाच निवडून दिलं होतं!"

आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात, मूळचे क्वीन्सलंडचे, जन्मभर लेबरला मत दिलेले. रड त्यांच्या राज्याचे. २००७ चा तो 'केव्हिन ०७' छापलेला टी-शर्ट अजून ठेवलाय त्यांनी. कुंपणापाशी उभे राहून ते मला म्हणाले होते, "मी मत केव्हिनला दिलं. ते त्यांनी रात्रीत दुसऱ्याला देऊन टाकलं." ऑफिसातला सहकारी याच विषयावर म्हणतो, "ते केव्हिनच्या मतदारसंघात राहत होते का? नाही ना? मग त्यांनी केव्हिनला मत दिलेलंच नाही."

कायद्याने सहकारी बरोबर. पण ज्या पक्षाने टी-शर्टवर नेत्याचं नाव छापलं, त्याने एक शब्द दिला होता. तो मतपत्रिकेवर नसला तरी शब्दच होता. मी शेजाऱ्यांच्या बाजूने आहे.

आपल्याकडे मुख्यमंत्री मध्येच बदललेले आपण पाहिलेत. २००८ मध्ये विलासराव देशमुख गेले, २०१० मध्ये अशोक चव्हाण गेले. तेव्हा निर्णयासाठी सगळ्यांचे डोळे दिल्लीकडे होते. ऑस्ट्रेलियात हायकमांड नाही. उलट, ज्या आमदार-खासदारांना आपल्याकडे निरोपाची वाट बघावी लागते, त्यांच्याच हातात इथे दोर असतो. म्हणून काकांना हे इतकं विचित्र वाटलं.

नेता बदलायचाच नाही का मग?

तसं नाही. ३ फेब्रुवारी १९८३ ला लेबर पक्षात बिल हेडन बाजूला झाले आणि बॉब हॉक आले. त्याच दिवशी पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांनी निवडणूक जाहीर केली. हॉक जिंकले, आणि पुढच्या तीन निवडणुकाही जिंकले. १९९१ मध्ये पॉल कीटिंग यांनी हॉक यांना ५६ विरुद्ध ५१ असं हरवलं आणि १९९३ ला लोकांकडून शिक्कामोर्तब करून घेतलं. नेता बदलणं हे काही पाप नव्हे. बदलायचा तर कारण लोकांना पटेल असं सांगता आलं पाहिजे. २०१० मध्ये गिलार्ड यांनी एवढंच सांगितलं की चांगलं सरकार वाट चुकत होतं. लोकांना ते पुरलं नाही. त्या ऑगस्टमध्ये दोन्ही बाजूंना ७२-७२ जागा देऊन त्यांनी संसद त्रिशंकू केली.

शेवटी पक्षांनी दोर आखडला. जुलै २०१३ मध्ये, परत पंतप्रधान झालेल्या रड यांच्या पुढाकाराने लेबरने नियम केला: पंतप्रधान हटवायचा तर ७५ टक्के खासदारांची लेखी मागणी हवी, विरोधी पक्षनेता असेल तर ६० टक्के. नव्या निवडीत अर्धं वजन खासदारांचं, अर्धं साध्या पक्ष-सभासदांचं. त्याच वर्षी पहिली परीक्षा झाली. सभासदांमध्ये अल्बनीझी यांना सुमारे साठ टक्के मिळाले, खासदारांमध्ये बिल शॉर्टन पुढे गेले आणि बेरजेत शॉर्टन जिंकले. सभासदांना वाईट वाटलं, पण विचारलं तर गेलं. लिबरल पक्षाने डिसेंबर २०१८ मध्ये ठरवलं की निवडणूक जिंकून आलेल्या पंतप्रधानाला हटवायला दोन-तृतीयांश खासदार लागतील.

२०१८ पासून २०२५ च्या निवडणुकीपर्यंत एकही पंतप्रधान पक्षाने घालवला नाही. मॉरिसन यांनी २०१९ ते २०२२ ही मुदत पुरी केली. २०२५ मध्ये अल्बनीझी पुन्हा जिंकले. लागोपाठ दोन निवडणुका जिंकणारे पंतप्रधान, २००४ च्या जॉन हावर्ड यांच्यानंतर तेच पहिले. एका बातमीदाराला आतून फोन आला तरी आता पंचाहत्तर टक्के भरल्याशिवाय त्या फोनाला अर्थ नाही. मथळे आपोआप कमी झाले.

पण दुसऱ्या बाजूला?

लिबरल पक्षाचा दोन-तृतीयांशचा नियम फक्त जिंकून आलेल्या पंतप्रधानाला वाचवतो. विरोधी पक्षनेत्याला काहीच कवच नाही. मे २०२५ मध्ये डटन निवडणूक हरले, स्वतःची डिक्सनची जागाही हरले. १३ मे रोजी लिबरल खासदारांनी सुझन ली यांना निवडलं; त्या पक्षाच्या पहिल्या महिला नेत्या ठरल्या. मतं २९ विरुद्ध २५, समोर अँगस टेलर.

हे आकडे परत वाचा. चौपन्न माणसं. फरक चारचा. दोघांनी मन बदललं असतं तर २७-२७. १९७१ मध्ये पंतप्रधान जॉन गॉर्टन यांच्यावरच्या विश्वासमतात पार्टी रूममध्ये ३३-३३ अशी बरोबरी झाली होती आणि त्यांनी पद सोडलं होतं. काकांना आता मी एवढंच सांगतो की कॅनबेराहून 'अस्वस्थता' असा मथळा आला, तर देशाचं मत फिरलं असं समजू नका. आधी बघा नियम कोणता लागू आहे, खोलीत माणसं किती आहेत आणि कितीजण स्वतःच्या नावाने बोलायला तयार आहेत.